दुरुस्तीची दुरुस्ती

जुनी वस्तू विकणाऱ्यांचं जगभर एकच वाक्य असतं : ‘ठेवून दिली तेव्हा चालू होती.’ जुन्या बाजारातला घड्याळवाला हेच सांगतो, स्कूटर खपवायला निघालेला शेजारी हेच सांगतो, आणि शिकागोच्या उपनगरात वडिलांचं गॅरेज रिकामं करायला बसलेला तो सद्गृहस्थही हेच म्हणाला. या वाक्यात खोटं काही नसतं. चालू वस्तू ठेवून का दिली हा प्रश्न मात्र सहसा पैसे देऊन झाल्यावर सुचतो.

वस्तू म्हणजे ज्यूकबॉक्स. सीबर्ग कंपनीचा, १९५२ सालचा, एम-१००-सी. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’ या अमेरिकन मालिकेच्या नामावलीत तबकडी वाजवताना दिसतो, तो हाच. सीबर्ग कंपनी शिकागोचीच. स्वीडनहून आलेल्या जस्टस सीबर्गची. आधी ती आपोआप वाजणारे पियानो करायची. बहुतेक ज्यूकबॉक्सची मजल वीस-चोवीस गाण्यांपर्यंत होती तेव्हा, १९४८ मध्ये, तिने ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू, म्हणजे १०० गाणी वाजवणारं यंत्र काढलं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी आणली आणि १९५० मध्ये ती वाजवणारा पहिला ज्यूकबॉक्सही सीबर्गनेच केला.

पण मी तो घेतला तो इतिहासासाठी नव्हे, इराण्यासाठी. आमच्या वयाच्या मुंबईकराला ज्यूकबॉक्स म्हटलं की संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का, पानी कम चहा आणि कोपऱ्यातलं ते दिवे लागलेलं धूड आठवतं. चार आण्यांत गाणं मिळे. आमच्या खिशात चहाचे पैसे असत, गाण्याचे नसत. त्यामुळे आमचं सगळं संगीतशिक्षण दुसऱ्यांच्या चार आण्यांवर झालं. एखादं तालेवार गिऱ्हाईक खुर्ची सरकवून यंत्राकडे निघालं की आम्ही चहाचा घोट लांबवायचो. फुकट्याला आवडनिवड नसते, म्हणून आमचा कान चौफेर तयार झाला.

या बाबतीत आम्ही नशीबवान. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पॅले रॉयाल’ या दारूच्या गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या माणसाने नाणं टाकल्यावर वाजणारा फोनोग्राफ ठेवला. त्याला चार नळ्या होत्या. ज्याने नाणं टाकलं त्यानेच नळी कानाला लावायची. शेजारच्याला फुकट ऐकू जाण्याची काही सोयच नव्हती. तीच पद्धत टिकली असती तर आमच्यासारख्यांचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते.

असो. यंत्र शंभर किलोंहून कितीतरी जड निघालं. ते तळघरात उतरवायला महाराष्ट्र मंडळातले मित्र बोलावले. निमंत्रणात मिसळीचा उल्लेख ठळक होता, जिन्याचा नव्हता. मिसळ संपेपर्यंत कुणी माझ्याशी नीट बोललं नाही.

पलीकडच्या गल्लीत एक आजोबा राहतात. उमेदीच्या काळात ते एका ज्यूकबॉक्स ऑपरेटरकडे कामाला होते. अमेरिकेत ही यंत्रं सहसा बारमालकाची नसत, ऑपरेटरची असत. त्याचा माणूस ठरल्या दिवशी येई, पेटी उघडून नाणी मोजी, मालकाचा वाटा देई, शिळ्या तबकड्या काढून ताज्या घाली आणि बिघाड असला तर उभ्या उभ्या काढी. तो माणूस म्हणजे आमचे हे आजोबा. ते तळघरात आले, यंत्राकडे बघून मान डोलावली आणि पहिला प्रश्न विचारला, “प्लग लावला नाहीस ना?”

नव्हता लावला. आजोबा खुर्चीवर बसले. मग त्यांनी सांगितलेलं असं : आत व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यातले जुने कपॅसिटर इतक्या वर्षांत कुठे वाळलेले असतात, कुठे गळके झालेले असतात. एकदम वीज दिली की गळका कपॅसिटर व्हॉल्व्हमधून नको तेवढा करंट वाहू देतो आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणजे चार आण्यांच्या भागापायी चारशे रुपयांचा भाग जातो. शिवाय वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर आपला साठा धरून बसतात. तो आधी रिकामा करायचा, मगच आत हात घालायचा. मी सगळे बदलले. एकच जुना तेवढा ‘हा बरा दिसतो’ म्हणून राहू दिला होता, तर स्पीकरमधून तानपुरा छेडल्यासारखा अखंड घुमारा यायला लागला. बायकोने पेटी उघडून स्वर ताडून पाहिला आणि ‘काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधलं काहीतरी आहे, त्याच्यावर कुणाला गाता यायचं नाही,’ असा निकाल दिला. तोही कपॅसिटर बदलला. घुमारा गेला.

आवाजाची बाजू झाली, आता हालचालीची. या यंत्रात तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या रांगेत असतात आणि त्यांच्या पुढून रुळावर एक गाडी फिरते. बटण दाबलं की त्या गाण्याची पिन बाहेर येते. गाडी त्या पिनेला अडते, थांबते, तबकडी उचलून उभ्याउभ्याच फिरवते. सुईचा हात असा की तो तबकडीच्या कुठल्याही बाजूला लागू शकतो. एका बाजूचं गाणं असलं तर तबकडी सुलट फिरते, दुसऱ्या बाजूचं असलं तर उलट. हे सगळं काचेमागे दिसतं. आमच्याकडे मात्र काचेमागे काहीच घडत नव्हतं. मोटर गुरगुरायची, गाडी जागची हलायची नाही.

कारण होतं वंगण. कारखान्यात लावलेलं ग्रीस पिवळं, घट्ट, मेणासारखं झालं होतं. पेचकसाच्या टोकाने खरवडलं की पापुद्रे निघत. पहिला पापुद्रा काळा, त्याखाली तपकिरी, त्याखाली मधाच्या रंगाचा. प्रत्येक थर कुणाच्या तरी काळजीचा होता. यंत्र जड चालतंय असं वाटलं की कुणीतरी तेल सोडायचं. तेलावर धूळ बसायची, धुळीने ते पुन्हा जड व्हायचं, मग पुढचा माणूस आणखी तेल सोडायचा. पिनांवरसुद्धा तेल होतं. आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले, “यांना कोरडंच ठेवायचं असतं!” मी स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन बसलो. बायकोने सगळे ब्रश आधी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले आणि एक मोजून दिला.

त्या बैठकीत मला या छंदाचं मर्म कळलं. यंत्रात मुळात फारसं काही बिघडलेलं नव्हतं. बिघडल्या होत्या त्या आधीच्या दुरुस्त्या. फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता. एक स्प्रिंग ताणून तारेने बांधलेली होती, कारण तिच्या पलीकडचा भाग ग्रीसने धरला होता. तो भाग मोकळा होताच ती ताणलेली स्प्रिंग भलत्याच जोराने ओढायला लागली. म्हणजे एका रोगावरचं औषध दुसऱ्या रोगाचं कारण, आणि दुसऱ्यावरचं तिसऱ्याचं. नाण्यांच्या नळीत तर नाण्याच्या मापाच्या लोखंडी चकत्या सापडल्या. त्या दुरुस्तीच्या नव्हत्या, गिऱ्हाइकांच्या होत्या. आमच्याहून बिलंदर लोक अमेरिकेतही होते तर!

चंदेरी कागद दाखवला तेव्हा आजोबा खूप वेळ हसले. “शनिवारची रात्र,” ते म्हणाले, “बार भरलेला, फ्यूज उडालेला, गाडीत सुटा फ्यूज नाही आणि मालक ओरडतोय. काय करशील?” मी विचारलं, “म्हणजे हे तुमचं काम?” ते म्हणाले, “माझंच असेल असं नाही. पण नसेलच असंही सांगवत नाही.”

गाडी हलली, तबकडी फिरली, गाणं लागलं. मी आणि आजोबा हात मिळवणार, तोच जिन्यावरून आवाज आला, “अहो, हे खाली लागतंय.” बायकोने गाण्याच्या चार परीक्षा दिलेल्या आहेत आणि ते गाणं कुठल्या पट्टीत आहे हे तिला पेटीवर पाठ आहे. आजोबांनी ठिपक्यांची चकती काढून वेग मोजला. तबकडी खरोखरच हळू फिरत होती. मोटरीच्या एका बेअरिंगमध्ये जुनं ग्रीस उरलं होतं. ते साफ होईपर्यंत बायको पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसली आणि ‘अजून खाली’, ‘अजून खाली’, ‘आता आलं’ असं सांगत राहिली. आजोबांनी चकती खिशात घातली आणि त्या दिवसापासून ते तिला ‘मॅडम’ म्हणायला लागले.

आता प्रश्न गाण्यांचा. पन्नास तबकड्यांत माझे इंग्रजी रॉक अँड रोल किती आणि तिची भावगीतं किती, यावर रीतसर वाटाघाटी झाल्या. तिच्याकडे माहेरच्या ४५च्या तबकड्यांची थप्पी आहे, पण त्यांच्या मधलं भोक लहान. यंत्राला लागतं दीड इंचाचं. भोक मोठं करण्याचं हत्यार मिळतं. पण केसभर जरी मध्य चुकला तरी सूर लाटेवर बसल्यासारखा हेलकावे खातो. “माझ्या बाबांनी घेतलेल्या तबकडीला तुम्ही भोक पाडणार?” या वाक्यापुढे हत्यार चालवण्याची माझी छाती नव्हती. आजोबांनी चालवलं, मॅडमच्या परवानगीने, चष्मा दोनदा पुसून. गाणं हेललं नाही. वर एक नफा असा झाला की त्या तबकड्यांच्या एका बाजूला दोन-दोन गाणी आहेत आणि यंत्र बाजू पुरी वाजवल्याशिवाय थांबत नाही. एका नाण्यात दोन गाणी! इथे मराठी मनाला जे समाधान झालं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. बटणांवरच्या चिठ्ठ्या तिने देवनागरीत लिहिल्या : वर एका बाजूची गाणी, खाली दुसऱ्या बाजूची, मध्ये गायकाचं नाव.

नातवंडं आली तेव्हा यंत्राचा खरा स्वभाव कळला. थोरल्याने आधी बटण दाबलं आणि गाणं लागलं धाकटीचं. भांडण जुंपलं. पण त्यात अन्याय नव्हता. कोण आधी आलं हे यंत्र बघतच नाही, गाडीच्या वाटेत कोणाची पिन आधी येते एवढंच बघतं. मग धाकटीने तेच गाणं पुन्हा पुन्हा दाबलं, तरी ते एकदाच लागलं. पिन एकदा बाहेर आली की ती बाहेरच. ती एका हाताने आली की दहा हातांनी, याची नोंद नाही. बारमध्ये दहा जणांनी एकच गाणं मागितलं तर नाणी दहा जणांची आणि गाणं एक. इराण्याकडचं यंत्र कुठल्या जातीचं होतं ते बघण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती. पण ‘आमचं गाणं लागलंच नाही’ म्हणून गल्ल्यावर हुज्जत घालणारी गिऱ्हाइकं आणि ‘मशीन है बाबा, मैं क्या करूँ’ म्हणणारा मालक मला स्पष्ट आठवतो. तो बिचारा खरं बोलत असणार.

हल्ली घरात पुण्याला परतण्याचा विषय निघतो, आणि त्यात यंत्राचं काय, हा उपविषय. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. ते ट्रान्सफॉर्मरने सांभाळता येतं. पण इथे विजेची आवर्तनं सेकंदाला ६०, तिथे ५०, आणि मोटरीचा वेग त्यावर ठरतो. गतीचं गणित जुळवणारा वेगळा भाग बसवला नाही तर ४५ फेऱ्यांची तबकडी पुण्यात साडेसदतीस फेरे घेईल. काळी पाचात गाणारी बाई पांढरी पाचाला उतरेल आणि तीन मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ३६ सेकंद चालेल. हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग बिघडलं काय? पुण्यात दुपारी एक ते चार कुणाला घाई असते?”

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर जुना रेडिओ, टेप किंवा शिलाई मशीन पडलेलं असेल तर दोनच गोष्टी सांगतो. खाली काढल्याबरोबर प्लग लावू नका आणि जड वाटलं म्हणून तेल सोडू नका. आधी पुसा, जुनं वंगण काढा, आपल्या आधी कुणी काय काय करून ठेवलंय ते निरखा. आणि दुरुस्त झालंच, तर काय बदललं, काय बांधलं, काय तात्पुरतं सोडलं हे एका कागदावर तारखेसकट लिहून झाकणाच्या आत चिकटवा. मी चिकटवलाय. खाली आजोबांची सही घेतली आहे. पुढे जो कुणी ते झाकण उघडेल, त्याचे निम्मे कष्ट वाचतील.