आज पासवर्ड विचारलाच नाही

मंगळवारी सकाळी साडेनऊला आमच्या वाचनालयातून फोन आला. कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. आदल्या संध्याकाळी अपडेट आलं होतं, ते घेऊन मशीन बंद केलं होतं. सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच ओळी, आणि मग सगळं ठप्प. मी पोचलो तेव्हा दुरुस्ती करणारा मुलगा आधीच येऊन बसला होता. त्याचा निकालही ठरला होता. ‘सर, हार्ड डिस्क दिसत नाहीये. फॉरमॅट मारावा लागेल. दीड तासात विंडोज टाकून देतो.’

या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे. जुनी आहे, आणि आज जाहीर मांडतो.

फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे. पुस्तकाची पाठ सुटली म्हणून ते रद्दीत घातलं, तर त्याला कुणी बांधणी म्हणत नाही. त्या मशीनमध्ये साडेअकरा हजार पुस्तकांची दाखल नोंद होती, सभासदांची यादी होती, नऊ वर्षांची देवघेव होती. वेगळी ठेवलेली शेवटची प्रत तीन महिने जुनी. म्हणजे दीड तासात काम झालं असतं आणि तीन महिने गेले असते. हे नुकसान त्या मुलाच्या हिशेबात नव्हतं. तो वाईट नाही. त्याला शिकवलंच तेवढं आहे. शिकवणाऱ्यांना मात्र मी जबाबदार धरतो.

मी विचारलं, पडद्यावर शेवटी काय लिहिलंय ते वाचलंस का? नव्हतं वाचलं. मशीन तीनदा बंद-चालू केलं होतं.

तेवढ्यात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘रोज सुरू होताना हा पासवर्ड विचारतो. आज विचारलाच नाही.’

निदान झालं होतं. बाईंनी केलं होतं. त्यांनी ते त्या मुलालाही सांगितलं होतं, पण त्याने ऐकून घेतलं नव्हतं. रोज मशीन वापरणाऱ्या माणसाच्या तोंडचं असं एक वाक्य बाकीच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा मोलाचं असतं, आणि आपल्याकडे तेच सर्वांत आधी बाजूला सारलं जातं.

आता हे वाक्य एवढं मोलाचं का, ते सांगतो.

वाचनालयाचं मशीन विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतं. लिनक्सचा कॉम्प्युटर एका झटक्यात सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रब नावाच्या छोट्या प्रोग्रामला हाक मारतं. सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू असेल तर मध्ये शिम नावाचा सही तपासणारा दुवा असतो. ग्रब कर्नल मेमरीत आणतो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. पण डिस्क ओळखण्यासाठी आणि तिचं कुलूप उघडण्यासाठी लागणारी सगळी हत्यारं कर्नलच्या पोटात नसतात. म्हणून ग्रब त्याच्यासोबत एक शिदोरी देतो. तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. डिस्कपर्यंत पोचेस्तोवर कर्नल या शिदोरीवर निभावतो. डिस्क उघडली की सिस्टिम-डी हा प्रोग्राम ताबा घेतो, एकेक सेवा सुरू करतो, आणि शेवटी आपल्याला लॉगिनचा पडदा दिसतो.

वाचनालयाची डिस्क मी एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केली होती, कारण तिच्यात सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते आहेत. त्या कुलपाचा पासवर्ड विचारण्याचं काम शिदोरीतला प्रोग्राम करतो. पासवर्ड विचारलाच नाही, म्हणजे शिदोरीच नव्हती. शिदोरी नाही, म्हणून कर्नलला डिस्क दिसली नाही. डिस्क धडधाकट होती.

पडद्यावरची ओळ हेच सांगत होती. कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस, अननोन ब्लॉक शून्य-शून्य. त्या दोन शून्यांचा अर्थ डिस्क मेली असा नाही. कर्नलच्या हाती कुठलीच डिस्क लागली नाही, इतकाच अर्थ आहे. अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी ही ओळ दिसली तर पहिला संशय शिदोरीवर घ्यायचा.

मशीन बंद केलं. पुन्हा चालू करताना एस्केपची कळ दाबत राहिलो. जुन्या बायोसच्या मशीनवर बहुधा शिफ्ट धरून ठेवावी लागते. ग्रबची यादी आली. तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ हा दुसरा पर्याय असतो. तो उघडला तर आधीचे कर्नल ओळीने उभे होते. नव्याच्या खालचा निवडला, एंटर मारलं.

पासवर्ड विचारला.

बाईंनी तो टाकला आणि देवघेवीची नोंद उघडून शेवटचं पुस्तक पाहिलं. सोमवारी संध्याकाळी दिलेलं. जागेवर होतं. मी घड्याळ पाहिलं, मशीन हाताळायला लागून चार मिनिटं झाली होती.

लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत नवा कर्नल आला तरी जुना पुसला जात नाही. फेडोरा तीन कर्नल ठेवतो, उबुंटू आणि डेबियनही आधीचा राखून ठेवतात. हे उगाच नाही. नवा चालला नाही तर परतीची वाट असावी, म्हणून जाणत्या लोकांनी केलेली ती सोय आहे. ती वाट तिथे असताना माणसं डिस्क पुसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण मशीन सुरू झालं म्हणजे दुरुस्ती झाली, असंही नाही. शिदोरी का नव्हती? कर्नल ज्या छोट्या कप्प्यात राहतात, त्याला बूट पार्टिशन म्हणतात. डिस्क एन्क्रिप्ट केली की हा कप्पा सहसा कुलपाबाहेर वेगळा ठेवतात. मी तो ५०० एमबीचा केला होता. ती चूक माझी. एकेक कर्नल आणि त्याची शिदोरी मिळून या मशीनवर शंभर एमबीच्या वर जागा घेतात. चार मावले. पाचवा आला तेव्हा कर्नल कसाबसा बसला आणि शिदोरी लिहिता लिहिता जागा संपली. अपडेटच्या खिडकीत ‘नो स्पेस लेफ्ट’ अशी ओळ आली होती. बाईंना ती आठवत होती. खाली ‘क्लोज’चं बटण होतं, ते दाबलं. दुसरं काय करणार? ती ओळ इंग्रजीत, बटणही इंग्रजीत, आणि हे बटण दाबल्यावर उद्या मशीन उठणार नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. यात बाईंचा काडीचा दोष नाही. अर्धवट राहिलेलं अपडेट पुढच्या वेळेला मशीन सुरूच होऊ देणार नाही, हे ठळक अक्षरांत सांगणं हे ते बनवणाऱ्यांचं कर्तव्य आहे. तीस वर्षांहून जुन्या व्यवस्थेकडून एवढी अपेक्षा मी ठेवतोच.

मग कोणता कर्नल आत्ता चालू आहे ते पाहिलं. तो ठेवायचा आणि नवा ठेवायचा. त्यांच्या मागचे दोन काढून टाकले. जागा झाली. अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं करायला लावलं, शिदोरी नव्याने बांधून घेतली, ग्रबची यादी ताजी केली. रीस्टार्ट. नव्या कर्नलने पासवर्ड विचारला. त्या मुलाने हे सगळं शेजारी उभं राहून पाहिलं आणि एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मला त्याचं कौतुक वाटलं.

दरवेळी दोष कप्प्याचाच असतो असं नाही. कधी अपडेटच सदोष असतं, आणि ते मोठमोठ्यांकडून आलेलं असतं. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावर उबुंटू १६.०४साठी कर्नल निघाला, आकडा शेवटी १०८. काही मशीन त्यावर उठलीच नाहीत. एका दिवसात १०९ आला. मधल्या काळात ज्यांना जुना कर्नल निवडता आला, त्यांचं काम चालू राहिलं.

जुलै २०२०मध्ये मात्र ही वाटही बंद झाली. ग्रबमधल्या बूटहोल या भगदाडावर रेड हॅटने दुरुस्ती पाठवली. तिच्यासोबत आलेल्या शिमने रेड हॅट आणि सेंटओएसची कितीतरी मशीन यादी दिसण्याआधीच अडवली. जुना कर्नल निवडायचा कुठून? तिथे पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून शिम मागे न्यावा लागला. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे एकेका यंत्रावर करावं लागलं.

आणि ऑगस्ट २०२४. त्या वेळी अपडेट लिनक्सचं नव्हतंच. १३ ऑगस्टला विंडोजचं अपडेट आलं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स त्यानंतर सुरू होईना. जुने, असुरक्षित शिम आणि ग्रब नाकारण्याची एक यादी त्या अपडेटने फर्मवेअरमध्ये चढवली होती. दोन्ही व्यवस्था असलेल्या मशीनना हात लावणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं. लावला. पडद्यावर ओळ आली, ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लोकांनी मशीन उठवली. शेजाऱ्याने आपल्या कुलपाला हात लावायचा असेल तर आधी विचारायला हवं. न विचारता लावला, हा अपराधच आहे.

म्हणून पहिला प्रश्न एकच, गाडी कुठे थांबली? ग्रबची यादी येते की नाही? येत नसेल तर शिम, ग्रब, फर्मवेअर. येते आणि मग पॅनिक होतो, तर कर्नल आणि शिदोरी. नव्वद सेकंद एखाद्या डिस्कची वाट पाहत बसलं आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर बहुधा एफएस-टॅब या फाइलमध्ये काढून टाकलेल्या किंवा बदललेल्या डिस्कचं नाव राहिलेलं असतं. सगळ्या ओळी हिरव्या ‘ओके’ने गेल्या आणि शेवटी पडदा काळा, तर बहुधा एन्व्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधला गेलेला नसतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन दाबून पाहा. अक्षरांचा लॉगिन आला तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र नाही.

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. तीनदा रीस्टार्ट करण्याआधी काढा. आंतरजालावर सापडलेली आज्ञा, ती काय करते हे न कळता, टंकू नका. दुसऱ्याच्या मशीनवर जे डिस्कचं नाव असतं ते तुमच्या मशीनवर वेगळ्या डिस्कचं असू शकतं, आणि त्या एका अक्षराच्या फरकाने डेटा गेलेला मी पाहिला आहे.

‘मग अपडेट घ्यायचंच कशाला?’ वाचनालयाचे एक पदाधिकारी त्याच दुपारी म्हणाले. घ्यायचं. मेल्टडाउन खरं होतं, बूटहोलही खरं होतं. सभासदांचे पत्ते आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेले आहेत. न दुरुस्त केलेल्या मशीनवर ते ठेवणं हा त्या विश्वासाचा भंग आहे. शिवाय हे मशीन लिनक्सवर आलं तेच यासाठी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११च्या अटींत हे जुनं मशीन बसत नव्हतं. नवं घ्यायला वाचनालयापाशी पैसे नव्हते. चालतं यंत्र भंगारात देणं मला मान्य नव्हतं, आजही नाही. पण अपडेट घ्यायचं ते सकाळी, संध्याकाळी कुलूप लावताना नाही. आधी नोंदींची प्रत काढून. आणि घेतल्यावर लगेच एकदा रीस्टार्ट करून, म्हणजे बिघाड झालाच तर तो माणसं जागेवर असताना कळतो.

तो ५०० एमबीचा कप्पा मी रविवारी जाऊन मोठा केला. दोन तास लागले, त्याआधी सगळ्या डेटाची प्रत काढण्यात आणखी एक. बाईंनी एक चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे. ‘सुरू होताना एस्केप. दुसरा पर्याय. खालचा कर्नल.’ दुरुस्ती करणाऱ्या मुलानेही तिचा फोटो काढून नेला.

काल परत अपडेट आलं. बाईंचा फोन आला, तेव्हा त्यांनी नोंदींची प्रत काढली होती, कप्प्यातली जागा पाहिली होती, अपडेट घेतलं होतं, रीस्टार्टही केलं होतं. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं, की पासवर्ड विचारला.