दुधाच्या गंजाविषयी बापूंना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप बापूंस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, ३० एप्रिल १९३६ रोजी आपण वर्धा सोडून आमच्या शेगावात मुक्कामाला आलात. त्याचे देशावर काय परिणाम झाले ते पुस्तकांतून आलेलं आहे. आमच्या मोऱ्यांवर काय झाले ते कुणी लिहिलं नाही, म्हणून हा उपद्व्याप.

आधी नावाचं बोलतो. इथलं शेगाव आणि गजानन महाराजांचं शेगाव यांत टपालखात्याचा गोंधळ व्हायचा, तुमची पत्रं तिकडे जायची, म्हणून १९४० साली या गावाचं सेवाग्राम झालं. टपालाची सोय झाली, आमची गैरसोय. त्या शेगावात कुणाकडे पाहुणा गेला तर तो कचोरी मागतो. आमच्याकडे आलेला पाहुणा आधी मोरीत डोकावतो. मागच्या दिवाळीत पुण्याचा मेहुणा आला. चपला काढता काढता त्याला जिन्याखालची जळमटं दिसली आणि म्हणाला, ‘आणि हे म्हणे सेवाग्राम!’ हीच जळमटं पुलगावात असती तर त्याच्या नजरेत आली नसती.

तुमच्या एकादश व्रतांशी माझं वैर नाही. असंग्रह तर मी इतका कडक पाळतो की भांडी घासायची पावडर संपली की संपली. दुसरी आणून ठेवणं व्रतात बसत नाही. घरकामाशी मी असहकार पुकारलेला आहे आणि तो संपूर्ण अहिंसक आहे. एकाही फड्याच्या केसाला आजवर माझा धक्का लागलेला नाही. अडतं ते फक्त शरीरश्रमापाशी. असंग्रह आणि अस्वाद यांच्या मधोमध ते कशाला घातलंत? अकराच्या जागी दहा असती तर आकडाही लक्षात राहायला सोपा.

तुमच्या आश्रमातली मोठी उणीव म्हणजे तिथे कामाला मूड लागत नाही. घंटा लागते. पहाटे घंटा, प्रार्थना, मग झाडलोट, भाजी चिरणं, दळण, सूत; जेवलं की आपलं ताट आपण घासायचं. कामं इतकी लहान आणि वेळा इतक्या ठरलेल्या की टाळायची म्हटलं तरी माणसाला फट सापडू नये. त्यातून चौघांच्या संगतीत भाजी चिरायची म्हटल्यावर ‘उद्या करतो’ हे म्हणायचं कुणाला? घरांचंही तसंच. माती, बांबू, कवेलू. दर उन्हाळ्यात कवेलू फेरा, भिंती लिंपा. सिमेंटचं घर माणसाला दहा वर्षं मुदत देतं. मातीचं घर मृग लागेपर्यंत, एक दिवस जास्त नाही. जगाला सत्याग्रह शिकवणाऱ्या माणसाने इतकं अडवणुकीचं बांधकाम पत्करावं, याचं मला नवल वाटतं.

आणि हे कुंपणाच्या आत राहिलं असतं तर मी बोललो नसतो. १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबा रुग्णालयापाशी मेडिकल कॉलेज उभं केलं. तिथे नव्या पोरांना सुरुवातीला पंधरा दिवस आश्रमात नेऊन ठेवतात: प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. म्हणजे शरीरशास्त्राच्या आधी शरीरश्रम. त्यातलाच एकजण एकदा आमच्याकडे जेवायला आला आणि जेवण होताच, सौ.च्या डोळ्यांदेखत, उठून स्वतःचं ताट घासून मोकळा झाला. पोरगा हुशार आहे, पण चारचौघांत काय करू नये याचं भान नाही.

आता कूलरकडे वळतो. तुमच्या वेळी ही भानगड नव्हती, म्हणून खुलासा करतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की कूलरशिवाय जीव राहत नाही. मार्चमध्ये त्याच्या ताट्या बदलायच्या, मोटरला तेलपाणी करायचं, आणि पाऊस सुरू झाला की टाकी उपसून, पुसून, तो झाकून ठेवायचा. यातलं पहिलं काम मी करतो, कारण गरमी मला होते. दुसऱ्याबाबत माझं म्हणणं असं की, पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरायचंच आहे, तर आहे ते फेकायचं कशाला? सप्टेंबरात आरोग्य विभागाच्या आशाताई आल्या. न विचारता मागच्या अंगणात गेल्या. ताट्यांचं वूडवूल कुजून काळं झालेलं, त्याचा लगदा टाकीत उतरलेला, कडेला हिरवी साय. त्यांनी बॅटरी मारली आणि म्हणाल्या, ‘काकाजी, हे पाहा.’ पाण्यात बारीक बारीक स्वल्पविरामांसारख्या अळ्या वरखाली वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अंड्यातून निघून उडायला लागेपर्यंत आठदहा दिवसच घेतो म्हणे, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. मी त्यांना अहिंसेची बाजू समजावून सांगू लागलो. त्यांनी तोवर टाकी आडवी केली होती. बापू, १९३६ साली तुम्हालाच इथे मलेरियाने धरलं होतं, वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो डास वेगळ्या जातीचा, हे मान्य. पण डासांच्या कुठल्याच जातीला ‘पाहू ना बाप्पा, होते आरामात’ असं म्हणता येत नाही, हा या प्राण्याचा दोष मी कुणाच्या तरी कानावर घालायला हवा होता.

पण या पत्राचा खरा विषय गंज. म्हणजे दूध तापवायचं पातेलं, अॅल्युमिनियमचं. तळाला दूध लागतं, करपतं, आणि रात्री तो घासणं म्हणजे हाताचं नुकसान. म्हणून मी त्यात पाणी घालून मोरीत ठेवतो. याला आमच्या घरी ‘भिजत घालणं’ म्हणतात आणि ही शास्त्रीय क्रिया आहे. गेली अनेक वर्षं माझं निरीक्षण असं की, रात्री भिजत घातलेला गंज सकाळी सहाच्या चहाच्या वेळी लख्ख होऊन ओट्यावर पालथा पडलेला असतो. नुसत्या पाण्याने. मी ही रीत मित्रांना सांगितली, त्यांचाही अनुभव तोच. कपड्यांचं, न्हाणीतल्या शेवाळाचं, फ्रिजमधल्या जुन्या वरणाचं, सगळ्यांचं असंच: थोडा धीर धरला की काम आपोआप मिटतं. मध्यंतरी सौ. हिंगणघाटला माहेरी गेली तेव्हा मात्र ही क्रिया अचानक बंद पडली. गंज सकाळीही तसाच, संध्याकाळीही तसाच, तिसऱ्या दिवशी त्याला वास. पाणी तेच, धाम नदीचं; गंज तोच. नळाच्या दाबात काही फरक पडला असावा. ती परत आली आणि क्रिया पूर्ववत झाली, यावरून दोष तात्पुरता होता हे उघड आहे.

माझ्या म्हणण्याला सरकारी आधारही आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बाईला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं लागतात, पुरुषाला ९७. म्हणजे आम्ही तिप्पट वेगाने काम उरकतो. त्याच पाहणीत, दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी आणि पुरुष सव्वीस निघाले. उरलेल्या चौऱ्याहत्तर जणांचा वेग काय असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मुलाने उपाय म्हणून मोबाइलवर एक इंग्रजी सल्ला पाठवला: दोन मिनिटांत होणारं काम लगेच करून टाका, यादीत घालू नका. डेव्हिड अॅलन नावाच्या गृहस्थाने २००१ साली पुस्तक लिहून हा नियम सांगितला. मला तो पटला. तेव्हापासून मी कुठल्याही कामाला तीन मिनिटं धरतो.

तुमच्या माणसांनी तर सबबींची पार नासाडी केली. विनोबा पवनारहून रोज सुरगावला जायचे, खांद्यावर फावडं टाकून, गावाची घाण उचलायला. एकदा पावसात वाटेतला नाला भरून वाहत होता. विनोबा काठापर्यंत गेले, पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि देवळातल्या देवाला निरोप धाडला की सफाईवाला येऊन गेला, नाल्याने अडवलं. नाल्याला पूर, बापू! इतकी बावनकशी सबब घरी बसून वापरायची सोडून माणूस ती भिजत भिजत काठापर्यंत नेतो आणि तिथे टाकून देतो. आमच्यासारख्यांनी मग बोट दाखवायचं कुणाकडे?

तुमच्याकडे दाखवावं म्हणून मी तुमचं आत्मचरित्रही चाळलं. डर्बनचं प्रकरण सापडलं. घरात राहणाऱ्या कारकुनाचं मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावं आणि तेही हसतमुखाने, असा तुमचा हट्ट. त्या रडल्या तेव्हा तुम्ही त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलंत. वाचून मला हुरूप आला. पण तुम्ही ते स्वतःच लिहून ठेवलंय, तेही स्वतःला काडीची सूट न देता, त्यामुळे माझ्या हाती काही लागलं नाही. एवढंच नमूद करतो की मी सौ.ला हसतमुखाने गंज घास असं कधी म्हटलेलं नाही. मी काहीच म्हणत नाही.

आणि तरीही परवापासून घरात नवीन सुरू झालंय. जेवण झालं की ती स्वतःचं ताट, स्वतःची वाटी, स्वतःचा पेला घासते, पालथे घालते आणि सपरीत पुस्तक घेऊन बसते. माझं ताट जिथल्या तिथे. विचारलं तर पान न उलटता म्हणाली, ‘आश्रमात असंच असते न.’ गंजावरून जरा बोलाचाली झाली. दूध दोघं पितो, हा माझा मुद्दा. साय कोण खातं, हा तिचा. गंज माझ्याकडे आला.

तरी आपणांस विनंती की, आश्रमाचे नियम कुंपणापुरतेच आहेत, आजूबाजूच्या संसारी लोकांनी ते मनावर घेऊ नयेत, असं दोन ओळींचं कार्ड तिच्या नावे टाकावं. तुमचं अक्षर ती मानेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शेजारी

ता. क. कार्डाला वेळ लागणार असेल तर निदान घासणी कुठे असते तेवढं आधी कळवावं. सौ. सांगत नाही, आणि गंजाला वास येऊ लागला आहे.