जमिनीवर आले!

पोहणाऱ्या माणसाच्या अंगात एक छुपा माज असतो. पळणं हा व्यायाम आहे, हे त्याला मनातून कधीच पटलेलं नसतं. पळायचं ते एसटी सुटत असेल तर, नाहीतर मागे कुत्रं लागलं असेल तर. मी सांगलीची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. पुढे डबा सुटला, माज राहिला. आमच्या नदीत मगरी असतात, हे मी आयर्लंडमध्ये पहिल्या ओळखीतच सांगून टाकते. मग माझ्या वेगाबद्दल कोणी शंका घेत नाही.

डब्लिनमध्ये या माजाला खतपाणी घालायची उत्तम सोय आहे. सँडीकोव्हला ‘फोर्टी फूट’ नावाची खडकाळ जागा आहे, तिथून थेट समुद्रात उडी मारायची. जॉइसच्या ‘युलिसिस’ची सुरुवात जिथे होते तो मार्टेलो बुरूज शेजारीच. कादंबरीतला बक मलिगन पहिल्याच प्रकरणात इथे पोहायला उतरतो. ते पुस्तक अर्ध्यात सोडणारेही पहिलं प्रकरण वाचतात, त्यामुळे त्याचं हे पोहणं जगजाहीर आहे. पूर्वी इथे फक्त पुरुष पोहत, आणि त्यातले बरेचसे दिगंबर अवस्थेत. 1974 मध्ये काही बायकांनी येऊन सरळ पाण्यात उतरून निषेध केला आणि त्या बाप्यांची मोठी पंचाईत झाली. त्या बायकांच्या पुण्याईने मी तिथे वर्षभर डुंबते. हिवाळ्यात पाणी आठ-नऊ अंशांवर येतं. बाहेर येणारा प्रत्येकजण आत जाणाऱ्याला सांगतो, ‘‘एकदा आत गेलं की ग्रँड!’’ हे दात वाजत असतानाच म्हणायची पद्धत आहे.

तसा हा देशच पोहण्याची कदर करणारा. स्वतंत्र आयर्लंडचं पहिलं ऑलिंपिक पदक पोहण्याचंच, असं मी लोकांना छातीठोकपणे सांगते. ते खोटं नाही, फक्त थोडं अपुरं आहे. त्या काळी ऑलिंपिकमध्ये चित्रकलेच्याही स्पर्धा असत. 1924 साली पॅरिसमध्ये कवी येट्सचे धाकटे भाऊ जॅक येट्स यांना रौप्यपदक मिळालं, ते ‘द लिफी स्विम’ या चित्राबद्दल. लिफी नदीत 1920 पासून भरणाऱ्या शर्यतीचं ते चित्र. पोहणारे गारठले आणि पदक कोरड्या माणसाला! पुढे बरोबर शंभर वर्षांनी, त्याच पॅरिसमध्ये, डॅनियल विफेनने 800 मीटर पोहून सुवर्णपदक आणलं तेव्हा माझा जीव शांत झाला.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाडांची तपासणी करून घेतली. पन्नाशी उलटलेल्या बायकांची करतात तशी.

‘‘हाडं जरा विरळ झालीत. व्यायाम करता का?’’

‘‘लहानपणापासून पोहते,’’ मी खांदे दिसतील अशी बसले.

‘‘उत्तम. हृदयासाठी. हाडांना त्याचं काही पडलेलं नसतं.’’

त्यांनी समजावलं त्याचं सार असं : हाड मजबूत व्हायचं तर त्याच्यावर भार पडावा लागतो. पाणी आपलं बहुतेक वजन परस्पर उचलतं. पळताना मात्र प्रत्येक पावलाला जमीन खालून आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीने धक्का देते. म्हणजे इतकी वर्षं मी जे स्वतःचं कौशल्य समजत होते, ती पाण्याची मेहेरबानी होती. माझं वजन मी कधी उचललंच नव्हतं. ‘‘हळूहळू पळायला लागा,’’ त्या म्हणाल्या.

पोहणाऱ्याचा संसार एका मुठीत मावतो : पोशाख, टोपी, गॉगल. बुटांच्या दुकानात मात्र मला यंत्रावर पळवून मागून पावलांचं चित्रीकरण केलं आणि माझे घोटे आत झुकतात, असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. पोहणाऱ्याचे घोटे सैलच हवेत, म्हणजे पाय वल्ह्यासारखा चालतो. पण ते दुकानदाराला कोण सांगणार? किंमत ऐकून घोटे आणखी झुकले.

पहिल्या दिवशी मला कळलं की माझ्या शरीरात दोन पक्ष आहेत. हृदय आणि फुप्फुसं म्हणत होती, ‘एवढंच?’ पोटऱ्या आणि नडग्या म्हणत होत्या, ‘आम्हाला विचारलं होतं का?’ शिवाय हवेत श्वास कधीही घेता येतो, ही मोकळीक मला झेपेना. मी शिस्तीत तीन पावलं मोजायचे, मान वळवायचे, श्वास घ्यायचे. आणि लपायला जागा नाही! पाण्यात तोंड खाली घातलं की जगाशी संबंध संपतो. इथे येणारा-जाणारा, पावसाची भुरभुर चालू असताना, ‘‘छान दिवस आहे, नाही?’’ म्हणतो आणि उत्तराची वाट पाहतो. माझ्याकडे तेव्हा उत्तरापुरती हवा शिल्लक नसायची.

शेवटी मी मालाहाइडला पार्करनला गेले. मालाहाइड म्हटलं की इथल्या मराठी माणसाला भारताचे क्रिकेट सामने आठवतात, पण आयर्लंडमधलं पहिलं पार्करनही तिथलंच, 2012 सालचं. शनिवारी सकाळी साडेनऊला पाच किलोमीटर, फुकट. सगळ्या वयाची माणसं, बाबागाड्या ढकलणारे बाप, दोरीला बांधलेली कुत्री. मला आधी बापांनी मागे टाकलं, मग कुत्र्यांनी. एका बाबागाडीतलं बाळ दूर जाईपर्यंत माझ्याकडे बघत होतं.

अर्ध्या वाटेवर एक सत्तरीचे गृहस्थ माझ्या बरोबरीने चालू लागले. मी पळत होते, ते चालत होते, हे नोंदवून ठेवते.

‘‘डाव्या बाजूला कोणाला शोधताय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कोणाला नाही. श्वास घेतेय.’’

त्यांनी यावर विचार केला. ‘‘उजवीकडेही मिळतो,’’ ते म्हणाले.

ते स्वयंसेवक होते. सगळ्यात मागे राहणं हेच त्यांचं काम. पार्करनमध्ये ही सोय असतेच : शेवटून पहिला येणारा माणूस आधीच नेमलेला असतो, म्हणजे पळायला आलेल्या कोणावर ती पाळी येत नाही. शेवटच्या रेषेपाशी ते अदबीने थांबले आणि मला पुढे जाऊ दिलं.

संध्याकाळी आईचा फोन. ‘‘कितवी आलीस गं?’’

‘‘शेवटची नाही आले.’’ मग राहवेना, म्हणून सगळी व्यवस्था समजावून सांगितली. शेवटचा नंबर राखीव असतो, तो कोणाला मिळत नाही, वगैरे.

आई जरा वेळ गप्प राहिली. ‘‘म्हणजे शेवटची यायला पण तिकडे वशिला लागतो तर,’’ ती म्हणाली. ‘‘बरं, त्या बुटांची पावती ठेवलीयस ना?’’