नाकाचा भाव

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात माडग्याळ गाव आहे. तिथल्या मेंढीच्या अंगावर लोकर नावापुरती, पण नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. भाव त्या नाकालाच. २०२० साली अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली. मालकाने दीड कोटी सांगितले. सौदा मोडला, मेंढा मात्र पेपरात झळकला. आपल्याकडे न विकलेल्या मालाचीच बातमी होते.

मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, आणि व्यायची वेळ कधी रात्री दोनचीही. तेव्हा कंदील धरून कोण उठतं? घरची बाई. कोकराच्या नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाळेला आयोडीन लावायचं, तासाभरात चीक पाजायचा. आईने झिडकारलं तर तिला गुडघ्याखाली दाबून कोकरू कासेला लावायचं. या कामाला परीक्षक नसतात.

ते असतात प्रदर्शनात. तिथे मेंढ्याच्या शिंगांना तेल, गळ्यात हार, कपाळी भंडारा. शेजारी फेटा बांधलेला मालक नाकाची वंशावळ सांगतोय. नाकाशी मालकाचा संबंध काय, हे विचारायची पद्धत नाही. बाई वाड्यावर, राहिलेल्या मेंढ्यांपाशी.

तेव्हा आयोजकांना एकच विनंती: यंदा पहिल्या बक्षिसाच्या पावतीवर सही तिची घ्या.