माईंचं कुंपण, जुहूचा चिखल

"भाऊ, तुमच्या पागोळ्यांचं पाणी परत माझ्या मिरच्यांत आलंय हं!"

आषाढ लागला की ही हाक ठरलेलीच. मी चहाचा कप घेऊन मेंदीच्या कुंपणाशी गेलो आणि विषय बदलायला आभाळाकडे बोट केलं. ढगाआडून घरघर येत होती.

"नव्या विमानतळाकडे चाललंय बघा, माई. आपल्या रायगडात! कर्जतकरांनी कधी मनात तरी आणलं होतं का?"

"त्यात काय एवढं! टाटांची विमानं तर पाऊस आला की बाडबिस्तरा आवरून घाट चढायची."

माईंचे यजमान रेल्वेत होते, बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर. तेव्हा मागून बँकर लागल्याशिवाय कर्जतहून गाडी घाट चढत नसे, त्यामुळे घाट चढणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर माईंचा थोडा मालकीहक्क असतो.

"म्हणजे कुठून कुठं?"

"जुहूहून पुण्याला. तुमच्या त्या जेआरडी टाटांचं विमान 1932 साली जुहूलाच उतरलं ना?"

ते मात्र मला ठाऊक होतं. 15 ऑक्टोबरला सकाळी जेआरडी कराचीहून एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं. ते पेट्रोलही डब्यांतून, बैलगाडीवर लादून आणलेलं. दुपारी दोनच्या आत जुहू. तिथून पुढे बळ्ळारी आणि मद्रासपर्यंत जेआरडींचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट. वायरलेस नाही, काही नाही. खाली बघायचं, नदी नि रूळ ओळखायचे.

"आणि जुहूला उतरल्यावर बसायचं कुठं? लाउंज?" माई हसल्या.

"झावळ्यांनी शाकारलेली शेड."

"म्हणजे आमचा गोठा म्हणा की!"

गोठाच. पण 1928 साली सुरू झालेलं हे मैदान म्हणजे देशातल्या नागरी विमानांचं पहिलं ठिकाण. पुढे एअर इंडिया झाली तिची नाळ इथलीच. टाटांच्या विमानांतून पहिल्या वर्षभरात उतारू किती, तर 155! सगळी मदार टपालावर.

"उतारू सोडा, पावसाचं सांगा," माईंनी मिरचीचं रोप हलवून पाणी झटकलं. "जमीन भरतीच्या पाण्याखालची. एक सर आली की मैदान कुठलं नि खाडी कुठली, कळेना. मग चला पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानात."

येरवडा म्हटल्यावर मला पुणे करार आठवला. तोही 1932 चाच, सप्टेंबरातला, विमान उडायच्या तीन आठवडे आधी त्याच तुरुंगात सही झालेला. मी सांगायला तोंड उघडलं, पण माई पुढे गेल्या होत्या.

"आमच्या ह्यांना त्याचं भारी हसू यायचं. म्हणायचे, आगगाडीनं 1863 मध्येच घाट जिंकला, भर पावसात चढते ती, आणि हे पंखवाले पावसाला भिऊन वर जातात!"

"पण माई, खोपोलीच्या वीजकेंद्राचं काय? तेही टाटांचंच. 1915 पासून वळवण, शिरवत्याच्या तलावांचं पाणी डोंगरावरून नळातून खाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना. म्हणजे ज्या पावसानं त्यांची वीज चालवली, त्यानंच त्यांची विमानं जुहूहून हुसकली."

माई क्षणभर गप्प. हे यजमानांनी सांगितलेलं नसावं.

"आणि ऐका," मी जोर धरला, "पुढे मोठी विमानं सांताक्रूझला जायला लागली, तरी जुहू लोकांना फसवायचं. 1953 मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8, दोन्ही सांताक्रूझ समजून जुहूला उतरली. जपान्यांची तर पट्टीच संपली, विमान पुढं घसरत गेलं."

"अग्गो बाई! दादर समजून कर्जतला उतरल्यासारखं!"

"जुहूला आता हेलिकॉप्टरं असतात."

"असोत. चहा गार झाला तुमचा." माईंनी पायानं वाफ्याची कड चाचपली. माती मऊ पडून त्यांची चप्पल रुतली. "खोपोली नि जुहू झालं. आता चर कुठून खणताय ते सांगा. फावडं तुमच्याकडे आहे की मी देऊ?"