डबल पॉलिशवाल्या शेठना



प्रयोगशाळेचा कागद काल हाती आला. तुमच्याकडून नेलेल्या हळकुंडांपुढे लिहिलंय, 'लेड क्रोमेट: आढळले'. अभिनंदन! मी नुसती हळद मागितली होती, तुम्ही त्याच भावात शिसं दिलंत आणि वर क्रोमियम, तेही कर्करोग करणाऱ्या जातीचं. हल्ली इतकं सढळ हातानं कोण देतं?

"रंग बघा ताई, डबल पॉलिश!" म्हणाला होतात. पॉलिश मला ठाऊक आहे, माझं सासर सांगलीकडचं. उकडून वाळवलेली हळकुंडं पिंपात फिरवायची, घासून घासून साल निघते, झालं. त्या पिंपात रंगाच्या दुकानातली पिवळी पूड सोडायची अक्कल आमच्याकडे कुणाला सुचली नाही. व्हॅन गॉगनं असल्याच पिवळ्यानं सूर्यफुलं रंगवली. पण त्यानं ती भिंतीवर टांगायला रंगवली, आमटीत घालायला नाही.

या लेड क्रोमेटच्या पुडीच्या वजनात 64 टक्के शिसंच असतं. हळदीत ती कायद्यानं अजिबात चालत नाही, आणि शिशाची मर्यादा आहे किलोला 10 मिलिग्रॅम. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढी पूड किलोभर हळदीत पडली की मर्यादा संपली. तुमच्या मालाचा झगझगाट बघता कुणी दाणे मोजत बसलं असेल असं वाटत नाही.

तांदळातलं आर्सेनिक, मासळीतला पारा यांच्याशी मी नंतर भांडेन. ते बहुतेक जमिनीतून, पाण्यातून येतात. तुमचं शिसं पिशवीतून येतं.

मला झोंबलंय ते वेगळंच. सूनबाई बाळंतीण आहे. रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, आणि मी रोज रात्री हळद घातलेलं दूध देते. दिलं, असं म्हणायला हवं आता. आतड्यात लोह ज्या वाटेनं आत जातं, त्याच वाटेनं शिसंही शिरतं. अंगात लोह कमी पडलं की शरीर ती वाट अधिकच मोकळी करतं. म्हणजे बाई जितकी अशक्त, तितका तुमचा माल तिच्या अंगी लागणार! आत गेलेलं शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत बसतं, वर्षानुवर्षं. अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर हेही सुटतं. आणि कुठे जातं? पोराच्या पोटात जातं, मेल्या! मुलांना इतकं शिसं चालतं, असा सुरक्षित आकडाच कुणाकडे नाही.

गिऱ्हाइकाला पिवळंधमक लागतं, हे तुमचं रडगाणं मला पाठ आहे. बांगलादेशातले व्यापारी तेच म्हणत. तिथे 1980 च्या दशकात पुरानं हळद काळवंडली म्हणून रंग चोळायला लागले, ते पूर ओसरल्यावरही चोळतच राहिले. 2019 मध्ये सरकारनं बाजारात तपासणीची यंत्रं नेली, दंड ठोठावले. तोवर 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, 2021 मध्ये एकातही नाही. लोक हळद खातच आहेत.

इथवर लिहिलं आणि राहवेना म्हणून तुम्हाला फोन केला. शिव्याच द्यायच्या होत्या. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "आमच्या घरी तीच हळद आहे, ताई. मी तरी कुठे पॉलिश करतो, वरून येतं ते विकतो. नातवाला खोकला झाला की हीच दुधातून देतो."

शेठ, नातवाचं रक्त आधी तपासून घ्या, शिसं आणि लोह दोन्ही. लोह कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून लगेच भरून काढा. उरलेलं पोतं परत पाठवू नका, ज्यानं दिलं तो दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. ते तसंच शिवून ठेवा आणि माल कुणाकडून आला त्याचं बिल शोधा. माझ्याकडे तुमची पावती आहे, हा कागद आहे. सोमवारी अकरा वाजता मी अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत जाते आहे. पावतीवर नाव तुमचं आहे, बिलावर त्याचं असेल. बिल घेऊन या.

तुमची गिऱ्हाईक