वातडाचे साधक

तुळशीची माळ आणि वजडीची आठवण या दोन्ही गोष्टी ज्याच्या गळ्यात एकाच वेळी अडकलेल्या असतात, असा एक गृहस्थवर्ग महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो, आणि त्याचा निदान एक नमुना प्रत्येक वाचकाच्या नात्यात किंवा सकाळच्या फिरायच्या मंडळात असल्यामुळे त्याची वंशावळ सांगत बसण्याचे कारण नाही. वजडी म्हणजे बोकडाचे जठर व आतडी. ती चुना किंवा गरम पाणी लावून खरवडून स्वच्छ करतात, बराच वेळ शिजवतात आणि मग काळ्या मसाल्यात कोरडी परततात. माळ घालणे म्हणजे वारकरी संप्रदायाचा नेम स्वीकारणे, ज्यात मद्यमांस वर्ज्य करणे, एकादशी पाळणे आणि पंढरीची वारी करणे या गोष्टी येतात. या वर्गाच्या प्रतिनिधीस सोयीसाठी अण्णा म्हणावे. अण्णांना मटणाची आठवण येत नाही आणि रश्श्याचीही येत नाही, कारण मसाला मुळातच शाकाहारी असून तो घरच्या डब्यात भरलेला आहे. त्यांना आठवण येते ती फक्त चावण्याची. बोकड हा रवंथ करणारा प्राणी असून त्याच्या पोटाला चार कप्पे असतात, हे लक्षात घेता वजडी खाणारा मनुष्य त्या प्राण्याचे अपुरे राहिलेले काम पुढे चालवीत असतो, असे म्हणण्यास हरकत नसावी.

अण्णांच्या संशोधनपद्धतीचा गाभा म्हणजे मोजणी. कोणताही नवा पदार्थ तोंडात पडला की ते डोळे मिटतात, उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवतात आणि प्रत्येक चावाला एक पेर पुढे सरकतात. चार बोटांची बारा पेरे, अशा तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या तर 36 चाव होतात, आणि त्यांच्या मते हीच अस्सल वजडीची इयत्ता होय. ओठ हलत आहेत, डोळे मिटलेले आहेत, अंगठा पेरांवरून फिरतो आहे आणि गळ्यात माळ आहे, असे दृश्य पाहून शेजारच्या सूनबाई एकदा वाटी परत करायला आल्या असता दारातच थबकल्या व नमस्कार करून निघून गेल्या. अण्णा त्या वेळी सोयावडीच्या चौदाव्या पेरावर होते.

सोयावडी ही या पंथाची पहिली पायरी. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेल्या पिठात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. ते पीठ ओले करून यंत्रात प्रचंड दाबाखाली तापवतात व बारीक छिद्रातून बाहेर ढकलतात, तेव्हा आतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन वडी फुगते आणि तिला तंतूंसारखी वीण येते. महाराष्ट्रात सोयाबीनची कमतरता नाही, लातूरची बाजारपेठ तर त्यासाठीच ओळखली जाते, परंतु अण्णांचा आक्षेप तात्त्विक आहे: सोयावडी चावली जात नाही, ती पिळली जाते, आणि तिने पोटात धरून ठेवलेला रस्सा पहिल्याच चावाला समोरच्याच्या सदऱ्यावर जातो. त्यानंतर कोवळ्या फणसाचा, म्हणजे कोकणात जिला कुयरी म्हणतात तिचा प्रयोग झाला. तंतू उत्तम, दिसायला थेट सुके मटण, पण अकरा पेरांत कारभार आटोपला. सुरणाच्या कापांची मोजणी मध्येच रद्द करावी लागली, कारण सुरणात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि चिंच किंवा कोकम पुरेसे न पडल्यास ते घशाला खाज आणतात, हे अण्णांना सातव्या पेरावर कळले. शेवग्याच्या शेंगेस त्यांनी ‘शाकाहारी नळी’ असा किताब देऊन प्रकरण मिटवले. गोव्याहून एका स्नेह्याने वारुळावर उगवणारी अळंबी आणली, जी वाळवीच्या वसाहतीखेरीज वाढत नाही, शेतात लावता येत नाही आणि म्हणूनच श्रावणात मासे सोडलेल्या गोमंतकीयांना महागात पडते. ती अण्णांना आवडली, मात्र दर पेराला किती रुपये गेले याचा हिशेब डाव्या हाताच्या बोटांवर सुरू झाल्यामुळे दोन्ही मोजण्या चुकल्या.

खरा पेचप्रसंग गव्हाने आणला. मैद्याचा घट्ट गोळा पाण्यात चोळून धुतला की पिष्ट निघून जाते आणि ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचा रबरासारखा गोळा हाती राहतो; चीनमधल्या मांसवर्जी बौद्ध मठांत तो शतकानुशतके रांधला जातो. ही माहिती कुठूनशी मिळताच अण्णांनी परात घेतली. आता मराठी स्वयंपाकघरात गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढण्याची विद्या जुनीच आहे, कारण कुरडया त्याशिवाय होत नाहीत. फरक इतकाच, की तिथे चीक ठेवतात आणि चोथा गुरांना घालतात, फार तर काही घरी त्याच्या तिखट भुसवड्या करून वाळवतात. अण्णा नेमके उलटे करीत होते. पांढरे दाट पाणी मोरीत ओतले जाताना पाहून घरातून हाक आली, “अहो, तो चीक आहे!” त्यावर अण्णा म्हणाले, “असू दे, मला चोथा हवाय.” चाळीस वर्षांच्या संसारात एवढा मूलभूत मतभेद प्रथमच उघड झाला. अखेर पाणी एका पातेल्यात आणि गोळा दुसऱ्यात, असा वाटपाचा तह झाला. वहिनींनी चीक शिजवून दूधसाखर घालून नातवंडांना दिला, आणि किलोभर मैद्यातून निघालेला जेमतेम पाव किलोचा गोळा अण्णांनी उकडून, चिरून, मसाल्यात परतून तोंडात टाकला. तीन फेऱ्या झाल्या, चौथी सुरू झाली, 41 झाले. अण्णांनी डोळे उघडले, पण चेहऱ्यावर विजय नव्हता. “चावतंय,” ते म्हणाले, “पण कशाला चावतोय ते कळत नाही.”

अमेरिकेतल्या पुतण्याने आणलेले अळंबीचे ‘व्हीगन जर्की’चे पाकीट याच सुमारास उघडले गेले. जर्की म्हणजे मीठमसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून आला, हे त्याने काकांना उत्साहाने समजावले. मराठवाड्यातल्या दलित घरांत मांसाच्या पट्ट्या अशाच मीठ लावून वाळवीत, त्यांना चान्या म्हणत आणि शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, हे पुतण्याला ठाऊक नव्हते. जी वस्तू गावकुसाबाहेर दोरीवर वाळत असताना सभ्य माणसे नाक मुरडून लांबून जात, तिची मांसविरहित नक्कल विमानाने आल्यावर दिवाणखान्यात बशीतून फिरते, यात आहारशास्त्रापेक्षा समाजशास्त्र अधिक आहे. अण्णांनी एक तुकडा घेतला, बावीस पेरांवर थांबले आणि पाकिटाची किंमत वाचण्यासाठी चष्मा मागितला.

या साऱ्या शोधाच्या आड एक भाषिक अडचणही उभी आहे. मराठीत कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत हे शब्द पदार्थाचे कौतुक करतात, पण दाताला झुंजायला लावणाऱ्या पदार्थासाठी वातड आणि चिवट एवढेच शब्द उरतात व ते दोन्ही दोष दाखवतात. सादळलेला पापड वातड, न शिजलेले मटण चिवट. ज्या गुणासाठी अण्णा वणवण करतात तो गुण भाषेने गुन्ह्यांच्या यादीत टाकलेला असल्यामुळे, दुकानात जाऊन “काहीतरी चांगले वातड द्या” असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वाणी ज्या नजरेने पाहतो ती नजर अण्णांनी पुष्कळ सोसली आहे. चिवट हा शब्द प्रशंसेने वापरला जातो तो फक्त माणसांबाबत.

आणि इथे, नाइलाजाने का होईना, अण्णांच्या बाजूचे एक सांगावे लागते. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही माळ काढून खुंटीला अडकवलेली नाही. आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवसांत, म्हणजे गटारीच्या सुमारास, कोपऱ्यावरच्या खानावळीत परतल्या जाणाऱ्या वजडीचा वास अख्ख्या गल्लीत पसरतो, तेव्हा ते रस्ता बदलत नाहीत. सरळ तिथूनच जातात, फक्त चाल किंचित मंदावते. माळ त्यांनी वैराग्य आले म्हणून घातली नव्हती. वडील गेले, दिंडीतली त्यांची जागा रिकामी राहिली, आणि ती भरायला घरात दुसरे कोणी नव्हते. इयत्तेच्या त्या 36 आकड्याचा उगमही वहिनींनीच एकदा उघड केला: “तेव्हा तुम्ही कुठे मोजत होतात? बोलत बसायचात मामंजींशी.” वडील माळकरी असूनही मुलाच्या ताटासमोर पाट घेऊन गप्पा मारायला बसत, हे अण्णांनी कधी कुणाला सांगितले नव्हते.

तुकोबांच्या पालखीबरोबर चालताना पावसाची एक सर येऊन गेलेली असते, दिंडी विसाव्याला टेकलेली असते आणि शेजारची एखादी म्हातारी फडक्यातून कालची ज्वारीची भाकरी काढते, जी ओल धरून पार मऊ पडलेली, पण तुटता तुटत नाही अशी झालेली असते. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. ती अर्धी भाकरी अण्णांच्या हातावर ठेवते आणि ओशाळून म्हणते, “वातड झालीय हो, माउली.” अण्णा घास घेतात. त्यांचे डोळे उघडे असतात, ती तिच्या गावच्या पावसाचे काहीतरी सांगत असते, ते हुंकार देत ऐकत असतात, आणि एका हातात भाकरी व दुसऱ्यात ठेचा असल्यामुळे अंगठा पेरांकडे जात नाही. बऱ्याच वेळाने घास गिळून ते विचारतात, “अजून आहे का?”